दोन गाद्यांमधले सेनापती

गारगोटीहून कडगाव, पाटगाव मागे टाकत नैर्ऋत्येला गेले की भुदरगड तालुका सह्याद्रीच्या कड्यावर येऊन संपतो आणि तिथेच रांगणा उभा आहे. घाटमाथ्याकडून एका चिंचोळ्या धारेने जमिनीला जोडलेला, बाकीच्या बाजूंनी कोकणात कोसळणारा. १७०८ च्या उन्हाळ्यात या किल्ल्याला वेढा पडला, तो मोगलांचा नव्हता. बाहेर छत्रपती शाहू होते आणि आत महाराणी ताराबाईंच्या वतीने रामचंद्रपंत अमात्य किल्ला लढवत होते. पन्हाळा आणि विशाळगड हातचे गेल्यावर ताराबाई रांगण्याच्या आश्रयाला आल्या आणि तिथून मालवणच्या दिशेने कोकणात उतरल्या. वेढा घालणाऱ्या पक्षाचे सेनापती होते धनाजी जाधव आणि जेमतेम वर्षभरापूर्वीपर्यंत ते वेढ्यात सापडलेल्या पक्षाचे सेनापती होते. रांगण्याच्या भिंतींनी जे काम अर्धे केले ते पावसाने पुरे केले. या भागात मृगाचा पाऊस एकदा लागला की घोड्यांना उभे राहायला कोरडी जागा मिळत नाही आणि वैरण कुजते. शाहूंनी वेढा उठवला. परतीच्या वाटेवर, त्याच जूनमध्ये, वारणाकाठच्या वडगावला धनाजींचा मृत्यू झाला. पायाची जखम चिघळली होती.

संभाजी महाराजांचे पुत्र शाहू आणि राजाराम महाराजांच्या विधवा ताराबाई यांच्यातले हे युद्ध १७०७ मध्ये सुरू झाले आणि १७३१ च्या वारणेच्या तहाने संपले. या चोवीस वर्षांकडे आपण सहसा दोनच चष्म्यांतून पाहतो. एक भाऊबंदकीचा आणि दुसरा फितुरीचा. पहिल्यात सगळा दोष राजघराण्याचा, दुसऱ्यात सरदारांचा. धनाजी इकडून तिकडे गेले, त्यांचा मुलगा चंद्रसेन तिकडून परत इकडे आणि मग थेट निजामाकडे, कान्होजी आंग्रे एका तहाने या गादीचे त्या गादीकडे. अशी यादी करत गेले की सगळेच स्वार्थी ठरतात आणि ज्या शब्दाने सगळ्यांचेच वर्णन होते तो शब्द कुणाबद्दलच काही सांगत नाही. या सेनापतींच्या आयुष्याची रचना बारकाईने पाहिली तर मला वेगळे दिसते. त्यांचे पद ही चाकरी कमी आणि भागीदारी जास्त होती. प्रत्येकाच्या गळ्यात तीन दोर होते. एक धन्याचा, दुसरा स्वतःच्या घराण्याचा आणि वतनाचा, तिसरा पोसलेल्या फौजेचा. परक्याशी लढाई असते तेव्हा तिन्ही दोर एकाच बाजूला ओढतात. गादीच दुभंगली की ते तीन दिशांना ताणले जातात, आणि त्या ताणात बहुतेकांनी काय सोडले, काय धरले, हाच या युद्धाचा खरा इतिहास आहे.

ही रचना १७०७ मध्ये जन्मली नाही. शिवाजी महाराजांचा कल सरदारांना मुलूख तोडून देण्यापेक्षा रोख पगार देण्याकडे होता, हे सभासदापासून आज्ञापत्रापर्यंत सगळे सांगतात. पण १६८९ नंतर संभाजी महाराज गेले, रायगड पडला, राजाराम जिंजीला पोचले आणि रोख द्यायला खजिनाच उरला नाही. तेव्हा राज्याने जे नव्हते ते वाटायला सुरुवात केली, म्हणजे शत्रूच्या ताब्यातला मुलूख. १६९१ साली राजाराम महाराजांनी हणमंतराव घोरपडे यांना दिलेले आश्वासन प्रसिद्ध आहे. एकूण सहा लाख होनांचा सरंजाम, पण हप्त्यांनी. रायगड घेतला की इतका, मग विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि उरलेला निम्मा दिल्ली घेतल्यावर. याला कुणी महाराष्ट्रधर्माची भव्य आकांक्षा म्हणते आणि ती त्यात आहेच. पण कागद म्हणून वाचला तर तो सरळ करार आहे: तुम्ही स्वतःच्या खर्चाने फौज उभी करा, जिंका, आणि जिंकलेल्यातला हिस्सा घ्या. औरंगजेबाला मरेपर्यंत दख्खनेत अडकवून ठेवणारे यश याच पद्धतीचे होते. त्यामुळे तिला नावे ठेवताना जरा बेतानेच ठेवावीत.

या पद्धतीत सेनापतीचे आयुष्य कसे असे? दसऱ्याला शिलंगण करून बाहेर पडायचे, आठ महिने मुलूखगिरी, मृगाच्या आत छावणीला किंवा घरी परत. बारगिराला घोडा धन्याचा मिळतो, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येतो आणि तो घोडा मेला तर त्याचे पोटच गेले. सेनापतीच्या निशाणाखाली जे हजारो स्वार दिसतात त्यातले फार थोडे राजाचे, काही त्याच्या स्वतःच्या पागेचे आणि बाकी सगळे अशा शिलेदारांच्या टोळ्या. त्यांचा विश्वास राजावर नसतो, कारण राजा त्यांनी पाहिलेलाही नसतो. विश्वास असतो तो सेनापतीच्या देण्यावर. पगार थकला की माणसे सेनापतीच्या तंबूशी धरणे धरतात आणि सावकार त्यांच्या मागे उभा असतोच. थोड्या नंतरच्या काळातल्या पेशवे बाजीरावांनी आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिलेली पत्रे वाचावीत. ज्या माणसाच्या घोडदौडीने निजाम हैराण झाला तो सावकारांच्या तगाद्याने त्याहून हैराण झालेला दिसतो. हातात पन्नास हजारांची फौज म्हणजे डोक्यावर पन्नास हजार तोंडांची जबाबदारी, आणि ती जबाबदारी राजा बदलला म्हणून बदलत नाही.

आता खेडची लढाई पाहा. औरंगजेब १७०७ च्या सुरुवातीला अहमदनगरजवळ मेला. त्याचा मुलगा आज्जमशाह गादीसाठी उत्तरेला निघाला आणि मे महिन्यात, नर्मदेपलीकडे, त्याने कैदेतल्या शाहूंना सोडले. मोगलांचा हेतू उघड होता: मराठ्यांत दोन धनी झाले की मराठे एकमेकांत गुंततील. शाहूंजवळ त्या वेळी सैन्य नावालाच होते. पण खानदेशात उतरेपर्यंत परसोजी भोसले, नेमाजी शिंदे, हैबतराव निंबाळकर असे सरदार येऊन मिळाले. ताराबाईंनी हा शाहू तोतया असल्याचे जाहीर केले, सरदारांकडून दूधभातावर शपथा घेतल्या, आणि धनाजी जाधव व परशुरामपंत प्रतिनिधी यांना मोठ्या फौजेसह पाठवले. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमेकाठी खेडजवळ दोन्ही दळे समोरासमोर आली, तेव्हा धनाजी शाहूंना जाऊन मिळाले आणि प्रतिनिधी साताऱ्याकडे पळाले. लढाई म्हणावी अशी लढाई झालीच नाही.

धनाजींचे मन वळवण्याचे श्रेय चिटणीसांची बखर खंडो बल्लाळांना भरभरून देते. इतरत्र ते पुढे पेशवे झालेल्या बाळाजी विश्वनाथांना मिळते. ही बखर मल्हार रामराव चिटणीसांनी शंभर वर्षांनी लिहिली आणि ते खंडो बल्लाळांच्याच घराण्यातले, हे ध्यानात ठेवूनच तिच्यातले संवाद वाचावेत. परसोजी भोसले शाहूंच्या ताटात जेवले आणि त्यामुळे शाहू खरे असल्याची सगळ्यांची खात्री पटली, ही कथाही त्याच मुशीतली. पण कथांमधला तपशील संशयास्पद असला तरी त्यांचा रोख महत्त्वाचा आहे. सगळ्या कथा एकच प्रश्न घोळवतात: शाहू खरे की तोतया? म्हणजे धनाजींना शपथ मोडायची नव्हती, ती लागू होत नाही असे दाखवायचे होते. तोतयाविरुद्ध घेतलेली शपथ खऱ्या वारसाविरुद्ध बांधत नाही. निव्वळ संधिसाधूला इतका खटाटोप लागत नाही. शपथेचे ओझे किती खरे होते याचा पुरावा त्याच महिन्यात दुसरीकडे मिळतो. शंकराजी नारायण सचिव यांनी ताराबाईंना शब्द दिला होता आणि समोर संभाजी महाराजांचा मुलगा उभा होता. शब्द मोडवेना, शाहूंवर शस्त्रही धरवेना. त्यांनी आत्महत्या केली. शाहूंनी त्यांच्या लहान मुलाकडे सचिवपद कायम ठेवले, आणि भोरचे संस्थान पुढे त्याच घराण्यात चालले. बापाने धन्याचा दोर जिवानिशी तोडला तरी घराण्याचा दोर शाबूत राहिला.

प्रतिनिधींचे उदाहरण मला या सगळ्या काळाची गुरुकिल्ली वाटते. परशुरामपंत खेडला शाहूंना मिळाले नाहीत. साताऱ्याचा किल्ला त्यांनी बंद केला, पण किल्ल्यावरचा हवालदार शेख मिरा याची बायकामुले खाली वाईला होती आणि ती शाहूंच्या हाती सापडली. शेख मिराने प्रतिनिधींनाच कैद करून किल्ला खाली केला. फौजेचा दोर, घराचा दोर, धन्याचा दोर. शेख मिरासारख्या लहान अधिकाऱ्याच्या बाबतीत तर कोणता आधी ताणला गेला हे दिवसासारखे स्वच्छ आहे. १२ जानेवारी १७०८ ला शाहूंचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला. परशुरामपंत पुढे सुटले, पुन्हा कैदेत पडले. दरम्यान त्यांचा मुलगा कृष्णाजी विशाळगडाच्या बळावर ताराबाईंकडे राहिला आणि तिकडचा प्रतिनिधी झाला. त्यामुळे खवळलेल्या शाहूंनी बापाचे डोळे काढण्याचा हुकूम दिला आणि तो खंडो बल्लाळांनी गयावया करून रद्द करवला, असे बखर सांगते. धाकटा मुलगा श्रीपतराव मात्र शाहूंच्या बाजूने लढला, मर्जीत चढला, आणि बापाची सुटका झाली. परशुरामपंत १७१८ मध्ये वारले तेव्हा एका घराण्याची दोन प्रतिनिधिपदे झाली होती: विशाळगडचे ताराबाईंच्या पक्षाच्या कोल्हापूरच्या गादीकडे, औंधचे शाहूंच्या साताऱ्याच्या गादीकडे. कुठल्याही गादीची सरशी झाली तरी घराणे बुडणार नव्हते. हे आधी ठरवून केले असे म्हणायला कागद नाही, आणि म्हणायची गरजही नाही. परिणाम तोच झाला. जपानमध्ये १६०० च्या सेकिगाहाराच्या युद्धात सानादा घराण्याचे बाप आणि एक मुलगा एका पक्षाला, दुसरा मुलगा विरुद्ध पक्षाला, अशी वाटणी झाली होती. घराणे मोठे आणि गाद्या दोन झाल्या की माणसे सगळीकडे सारखीच शहाणी होतात.

धनाजींच्या मुलाकडे वळू. धनाजींनंतर सेनापतिपद चंद्रसेनाकडे आले, आणि त्याच सुमारास शाहूंनी धनाजींच्याच हाताखाली वाढलेल्या बाळाजी विश्वनाथांना सेनाकर्ते हे नवे पद दिले. १७११ मध्ये चंद्रसेन चौथाई-सरदेशमुखीच्या वसुलीसाठी बाहेर पडले तेव्हा हिशेब पाहायला बाळाजी बरोबर होते. शिकारीत एका हरणावरून दोघांच्या माणसांत भांडण झाले, चंद्रसेन बाळाजींच्या जिवावर उठले, बाळाजी पुरंदर आणि पांडवगड गाठत कसेबसे निसटले. शाहूंनी हैबतराव निंबाळकरांना पाठवले, चंद्रसेनांचा पराभव झाला, ते ताराबाईंकडे गेले आणि थोड्याच काळात निजामाकडे. निजामाने त्यांना बिदरकडे भालकीची जहागीर दिली. कागलच्या सर्जेराव घाटग्यांनीही तीच वाट धरली. विशेष म्हणजे चंद्रसेनांना हरवणारे हैबतराव सेनापतिपद आपल्याला मिळाले नाही म्हणून काही काळाने निजामाकडेच गेले. शाहूंनी सेनापतिपद आधी चंद्रसेनांचा भाऊ संताजी याला दिले, मग मानाजी मोरे यांना, आणि १७१७ मध्ये खंडेराव दाभाडे यांना.

शाळेच्या पुस्तकात हे हरणाचे भांडण म्हणून येते. हरीण आले काय, गेले काय. मुद्दा हिशेबाचा होता. आजवर वसूल सेनापतीच्या हातात येई, त्यातून तो फौज पोशी आणि उरलेले छत्रपतीला देई. आता त्याच्या शेजारी एक कारकून बसला जो उलटा हिशेब मागणार: आधी छत्रपतीचे, मग तुमचे. चंद्रसेनांच्या दृष्टीने हा मानाचा प्रश्न तर होताच, पण त्याखाली शिलेदारांच्या तोंडचा घास होता. भावाने त्यांच्याविरुद्ध सेनापतिपद स्वीकारले ही गोष्टही लक्षात घ्यावी. जाधवांचे घर प्रतिनिधींसारखेच दुभंगले आणि दुभंगूनच टिकले.

या चोवीस वर्षांत असेही होते की ज्यांना कोणतीच गादी नको होती, किंवा दोन्ही हव्या होत्या. डिग्रजच्या चव्हाणांपैकी उदाजी, ज्यांच्या बापाला राजारामांनी हिंमतबहाद्दर किताब दिला होता, बत्तीस शिराळ्याच्या आसपास ठाण मांडून सातारा आणि कोल्हापूर या दोन्ही मुलखांतून स्वतःची चौथाई वसूल करत. लोक तिला उदाजी चव्हाणाची चौथच म्हणू लागले. पाटसकडचे दमाजी थोरात यांनी बाळाजी विश्वनाथांना बेलभंडाऱ्याची शपथ देऊन बोलावले आणि कैद केले. शपथेची आठवण दिली तेव्हा बेल हे झाडाचे पान आणि भंडारा ही रोज खाण्यातली हळद, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिल्याचे ग्रँट डफ सांगतो. एकीकडे शपथेपायी जीव देणारे सचिव, दुसरीकडे हे महाशय. दोघेही एकाच काळाचे, एकाच राज्याचे. म्हणून ‘त्या काळचे सरदार’ अशी सरसकट वाक्ये टाळलेली बरी. फितूर हा शब्द कुणाला लावायचाच असेल तर तो थोरातांना लावावा, धनाजींना नव्हे.

कान्होजी आंग्रे यांचा मामला या दोघांच्या मधला, आणि मला वाटते सगळ्यात शिकवणारा. ताराबाईंचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, कान्होजी १७१३ मध्ये घाट चढून आले, लोहगड, राजमाची घेतली आणि शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच कैद केले. शाहूंनी बाळाजी विश्वनाथांना पेशवाई देऊन त्यांच्यावर पाठवले. बाळाजी लढले नाहीत. १७१४ च्या सुरुवातीला लोणावळ्याजवळ वाटाघाटी झाल्या: कान्होजींनी पिंगळ्यांना सोडावे, शाहूंना मानावे, घाटमाथ्याचे किल्ले द्यावेत. बदल्यात सरखेली कायम, कोकणातले दहा किल्ले आणि सोळा लहान ठाणी त्यांच्याकडे. शाहूंनी कान्होजींना जे दिले त्यातले बहुतेक कान्होजींच्या ताब्यात आधीच होते. दिली ती मान्यता. या एका तहाने ताराबाईंचे आरमार गेले आणि युद्धाचा तोल फिरला. तलवारीने सात वर्षांत जे जमले नाही ते ताबा आणि हक्क यांचा मेळ घालून काही दिवसांत जमले. बाळाजी विश्वनाथ मोठे कशामुळे, याचे उत्तर मला इथे मिळते. सरदारांची भूक काय आहे हे त्यांना सेनापतीच्या कचेरीत वसुलीचे काम करतानाच कळले होते.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की हे सगळे फार वाणसौद्याचे झाले. मग निष्ठा, रामचंद्रपंत अमात्य, रांगण्याचा वेढा, यांचे काय? आक्षेप बिनतोड वाटतो, कारण रामचंद्रपंतांनी जिंजीच्या काळात शंकराजी नारायणांच्या साथीने महाराष्ट्र सांभाळला आणि १७०८ मध्ये सगळे फिरले तेव्हा ते फिरले नाहीत. पण पुढची पाने उलटावी लागतात. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर उलथापालथ झाली. ताराबाई आणि त्यांचा मुलगा शिवाजी यांना कैदेत टाकून राजारामांच्या दुसऱ्या राणी राजसबाई यांचा मुलगा संभाजी गादीवर आला, आणि त्यात पंतांचे अंग होते असे बहुतेक इतिहासकार मानतात. पंतांनी पक्ष बदलला नाही. त्यांनी आपल्या पक्षातला धनी बदलला. कारण शोधायला लांब जायला नको. आधार एकेक करून गळत चाललेला दरबार बुडाला असता तर पंतांची बावड्याची जहागीरही त्याच्याबरोबर गेली असती. ही निष्ठा खोटी म्हणता येणार नाही, पण ती व्यक्तीवर नव्हती, कोल्हापूरच्या राज्यावर होती, आणि त्या राज्यात त्यांचा वाटा होता. गंमत म्हणजे हेच पंत दोन वर्षांनी आज्ञापत्रात वतनदारांबद्दल राजाला सावध करतात: हे राज्याचे छोटे भागीदार, आहे त्यावर समाधानी नसतात, बळ मिळाले की धन्यालाच जुमानत नाहीत, म्हणून यांना मुठीत ठेवावे. वाचताना वाटते, माणूस आपल्याच घरातून खिडकीबाहेर बोट दाखवतो आहे. पण म्हणूनच हा पुरावा भारी आहे. भागीदारी ही राज्याची खरी घडण आहे हे तिच्यात मुरलेला माणूसच सांगतो.

दुसरा आक्षेप तुलनेचा. गृहयुद्धात सगळीकडेच सेनापती बाजू बदलतात, मग मराठ्यांचे विशेष काय? इंग्लंडच्या गृहयुद्धात जॉर्ज माँक राजाकडून लढला, १६४४ मध्ये पकडला गेला, कैदेनंतर पार्लमेंटकडून लढला, आणि १६६० मध्ये त्यानेच राजपुत्राला गादीवर परत आणून ड्यूकचा किताब मिळवला. पण तिकडे त्याची फौज सरकारी तिजोरीतून पोसली जात होती, आणि राजा परत येताच थकलेले पगार चुकवून ती मोडण्यात आली. माँक बाजू बदलू शकला. फौज घेऊन स्वतंत्र होऊ शकला नाही. आपल्याकडे फौज मोडायला राजाजवळ पैसा नव्हता आणि मोडली तर त्याच्याजवळ काही उरले नसते. म्हणून शाहूंनी तिसरा मार्ग काढला: सरदारांना बाहेरचा मुलूख वाटून देणे. १७१९ मध्ये दिल्लीहून बाळाजी विश्वनाथ चौथाई, सरदेशमुखी आणि स्वराज्याच्या सनदा घेऊन आले, शाहूंच्या आई येसूबाईही त्याच वेळी सुटून आल्या. चौथाईची जी वाटणी ठरली तिच्यात छत्रपतीची बाबती शेकडा पंचवीस, सचिवांचा सहोत्रा सहा, छत्रपतीच्या मर्जीने द्यायचा नाडगौंडा तीन, आणि उरलेला सहासष्टांचा मोकासा सरदारांकडे. दोन तृतीयांश ज्याच्याकडे, धनी कोण हे त्याच्याकडे पाहूनच ठरते. पण याच वाटणीने सरदारांचे तोंड एकमेकांकडून वळून माळवा-गुजरातकडे झाले. मराठी सत्ता नर्मदेपलीकडे गेली त्याचे एक कारण घरातली ही यादवी होती, हे आपल्याला फारसे रुचत नाही.

ही वाटणी म्हणजे शांतता नव्हे. १७२७-२८ मध्ये निजामाने खरा छत्रपती कोण हे ठरेपर्यंत चौथाई देणार नाही अशी भूमिका घेऊन कोल्हापूरच्या संभाजींना आपल्या छावणीत घेतले, आणि त्या छावणीत चंद्रसेन जाधव होतेच. पालखेडला बाजीरावांनी निजामाची कोंडी केली तेव्हा कोल्हापूरचा मोठा आधार तुटला. १७३० मध्ये वारणेकाठी श्रीपतराव प्रतिनिधींनी संभाजी आणि उदाजी चव्हाणांच्या तळावर छापा घातला. ताराबाई, राजसबाई आणि संभाजींची राणी जिजाबाई हाती लागल्या. शाहूंनी सन्मानाने इतरांना परत पाठवले. ताराबाईंनी, कैद कुठेही तीच, म्हणून साताऱ्यालाच राहणे पत्करले. हंबीरराव मोहित्यांसारख्या सेनापतीची ही मुलगी. सगळे सेनापती फिरताना तिने पाहिले आणि त्या सगळ्यांपेक्षा जास्त वर्षे जगली.

मग १७३१ चा एप्रिल. एक तारखेला डभईजवळ बाजीरावांच्या फौजेशी लढताना शाहूंचेच सेनापती त्रिंबकराव दाभाडे पडले. कारण पुन्हा तेच, गुजरातच्या वसुलीत कुणाचा किती वाटा. एका छत्रपतीच्या पेशव्याने त्याच छत्रपतीच्या सेनापतीला रणात मारले आणि शाहूंनी काय केले? दाभाड्यांना बंडखोर ठरवले नाही. त्रिंबकरावांच्या आई उमाबाईंची समजूत घालायला ते स्वतः गेले आणि सेनापतिपद त्रिंबकरावांचा धाकटा भाऊ यशवंतराव याला दिले. विजयी धन्यालाही भागीदाराच्या घराचा वाटा काढून घेता येत नव्हता. ही शाहूंची भलमनसाई असे नेहमी म्हणतात. ते भले होतेच, पण दुसरे काही करणे त्यांना परवडणारेही नव्हते.

त्यानंतर बाराच दिवसांनी, १३ एप्रिलला, वारणेचा तह झाला. वारणेपासून दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरचा, तुंगभद्रेपलीकडे जिंकाल त्यात निम्मा निम्मा, कोपळच्या बदल्यात रत्नागिरी, वगैरे नऊ कलमे. इतिहासकार सीमा आणि किल्ले मोजतात. मला त्यातले एक साधेसे कलम सगळ्यात बोलके वाटते: एकाकडून निघालेल्या चाकराला दुसऱ्याने ठेवून घेऊ नये. चोवीस वर्षे ज्या बाजारावर युद्ध चालले तो बाजार बंद करण्याचे हे कलम. सरदाराला जायला दुसरी गादीच राहिली नाही की त्याच्या तीन दोरांपैकी एक आपोआप सैल पडतो. युद्ध रणांगणावर संपले नाही. दोन मालकांनी एकमेकांची माणसे न फोडण्याचे ठरवले तेव्हा संपले.

कोल्हापूरच्या बाजूला याचा परिणाम असा झाला की पदे वतने होऊन बसली. अमात्य बावड्याला, प्रतिनिधी विशाळगडला, आणि संताजी घोरपड्यांच्या वंशाकडे सेनापतिपद कापशीला. गारगोटीच्या शेजारच्या खोऱ्यातले ते गाव आजही सेनापती कापशी म्हणूनच ओळखले जाते. संताजींच्याच पदरी वाढलेल्या नारो महादेवांनी धन्याचे घोरपडे आडनाव घेतले, इचलकरंजी आणि आजऱ्याकडची इनामे मिळवली, आणि त्यांच्या मुलाला बाळाजी विश्वनाथांची मुलगी अनुबाई दिलेली होती. म्हणजे कोल्हापूरच्या उंबऱ्यात बसून पुण्याशी सोयरीक. खालच्या थरातही हेच मुरत गेले. भुदरगड आणि सामानगडचे गडकरी पिढ्यान्‌पिढ्या किल्ल्याच्या चाकरीवर लावलेल्या जमिनी कसत होते. १८४४ मध्ये इंग्रजांच्या देखरेखीखालच्या कारभाऱ्यांनी त्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात द्यायला घेतल्या तेव्हा या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले आणि वर्षअखेरपर्यंत कंपनीच्या फौजेला तोफा घेऊन एकेक किल्ला घ्यावा लागला. त्या उठावाला राजाचा हुकूम नव्हता. कारभाऱ्यांनी हात घातला होता तो चाकरीच्या जमिनीला.